आजोबांच्या डब्यातली सात नाणी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार आणि शालोम.

आपल्याशी पत्रव्यवहार सुरू झाला त्याला या महिन्यात नऊ वर्षे पूर्ण होत आहेत. खाजगी पत्रांतून मी आपले आभार अनेकदा मानले आणि प्रत्येक वेळी आपण ते एका ओळीत बाजूला सारून पुढच्या नाण्याविषयी विचारलेत. म्हणून आज हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. माझ्यासारखाच जुन्या नाण्यांचा एखादा डबा ज्यांच्या घरात पडून असेल, त्यांनाही आपण मला काय दिलेत ते कळावे, अशी माझी इच्छा आहे.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यातल्या दवाखान्यात नोकरीला होते आणि काही महिने पॅलेस्टाइनमध्ये होते. यरुशलेमच्या बाजारातून त्यांनी सात लहान, काळपट-हिरवी नाणी विकत घेतली आणि आमच्या नाशिकच्या घरी ती पत्र्याच्या डब्यात राहिली. आम्ही ख्रिस्ती कुटुंबातले, त्यामुळे घरात त्या डब्याला ‘विधवेच्या दमड्या’ असेच म्हणत; शुभवर्तमानातली गरीब विधवा मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकते, त्यावरून. डबा माझ्याकडे आला तेव्हा मी जे केले त्याची आठवण आजही बोचते. देवघरातली तांब्याची भांडी शेजारच्या काकू चिंच आणि मीठ लावून लख्ख करत, ते मी लहानपणापासून पाहिले होते, आणि त्याच पद्धतीने मी एक नाणे घासले. ते चमकले खरे, पण त्यावरची अक्षरे गेली.

त्यानंतर एका परिचितांकडून आपला पत्ता मिळाला. अलिबागजवळच्या गावात जन्मलेले, तरुणपणी इस्राएलला गेलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजातले, गृहस्थ प्राचीन नाण्यांचे जाणकार आहेत आणि मराठीत पत्रे लिहितात, एवढेच मला सांगण्यात आले होते. मी नाण्याची हकिकत भीतभीतच कळवली. आपल्या उत्तरात रागाचा एक शब्दही नव्हता. ब्राँझवर शतकानुशतके जमिनीत जो हिरवा थर चढतो, त्यात धातूचेच खनिज झालेले असते, अक्षरांचे बारीक उठाव पुष्कळदा त्या थरातच टिकून राहतात, आणि म्हणून आम्ल लावले की मळाबरोबर मजकूरही जातो, हे आपण चार पाने भरून समजावलेत. उरलेली सहा नाणी काही आठवडे शुद्ध केलेल्या पाण्यात ठेवून, लाकडी काडीने फक्त सुटी झालेली माती काढायला सांगितलीत. त्या सहांपैकी पाच नाणी आज वाचता येतात ती आपल्यामुळे.

त्यांतल्या एकाच्या कडा कापल्यासारख्या होत्या, त्यामुळे ते खोटे असावे असे मला वाटले. तेव्हा आपण लिहिलेत की मऊ चुनखडीच्या साच्यात चकत्यांची माळ ओतत, ती ठशांखाली ठोकत आणि मग छिन्नीने एकेक नाणे तोडून वेगळे करत, म्हणून यरुशलेमच्या लहान नाण्यांची कड तशीच असते. चकती ओतलेली, छाप मात्र ठोकलेली, हा फरक त्या दिवशी पक्का झाला, आणि दोन वर्षांनी तो माझ्या फार उपयोगी पडला. सोर या प्राचीन नगरीचे चांदीचे शेकेल म्हणून एक नाणे मला दाखवण्यात आले होते. दर्शनी बाजूवर मेल्कार्ट देवाचे मुख, मागे गरुड, आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाला मिळालेली तीस रुपेरी नाणी ती हीच, असे विकणाऱ्याचे सांगणे. मी वजन केले. 14 ग्रॅमच्या आसपास भरायला हवे होते ते 11 भरले, आणि कडेवरून साच्याची सांध फिरलेली दिसली. ते सबंध नाणेच ओतलेले होते. पैसे वाचल्याचा आनंद झालाच, पण त्याहून मोठा आनंद आपल्याला पत्र लिहून ते कळवण्याचा होता.

मात्र ज्या पत्रासाठी मी आपली कायमची ऋणी आहे, ते येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या नाण्याविषयीचे. डब्यातल्या एका नाण्यावर वाकड्या टोकाची काठी, शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची असते तशी, आणि मागे पानांच्या वर्तुळात तीन ग्रीक अक्षरे होती. ते पंतय पिलाताचे नाणे असल्याचे आपण कळवलेत तेव्हा मी उत्साहाने विचारले, त्याचे नाव कुठे आहे? आपण उत्तर दिले नाही, उलट मलाच गणित घातलेत. नाण्यावर नाव रोमन सम्राट तिबिर्य कैसराचे आहे आणि त्या तीन अक्षरांतले पहिले ‘वर्ष’ सांगते, उरलेली दोन सतरा हा आकडा. तिबिर्य इसवी सन 14 मध्ये सत्तेवर आला. तर सतरावे वर्ष कोणते, आणि त्या वर्षी यहूदीयाचा सुभेदार कोण? मी कागदावर मांडून पाहिले. इसवी सन 30-31 आले, आणि पिलात 26 ते 36 या काळात तिथे होता. मग लूककृत शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला, जो मी कितीतरी वेळा वाचला होता. तिथे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या संदेशाचा काळ तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षावरून सांगितला आहे. पिलाताची नाणी सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या वर्षांची. आपल्याकडे राज्याभिषेक शकावरून वर्ष मोजत, तशीच ही मोजणी, आणि शुभवर्तमानकार व टांकसाळीतला कारागीर दोघेही तीच मोजत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरातल्या ‘विधवेच्या दमड्यां’ बाबतही आपण मला असेच सावध केलेत. जहाजाचा नांगर आणि तारा असलेली ती तीन नाणी अलेक्झांडर यान्नाय या हस्मोनी घराण्यातल्या यहुदी राजाची, म्हणजे ख्रिस्तपूर्व 103 ते 76 या काळातली. ती पुढे शंभरहून अधिक वर्षे बाजारात फिरत होती, म्हणून मंदिराच्या पेटीत विधवेने टाकलेली नाणी या जातीची असणे संभवते. परंतु ती गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानकार मार्काने नाण्याचे वर्णन केलेले नाही. ‘संभवते’ हा शब्द वहीत लिहायचाच, गाळायचा नाही, ही आपली आज्ञा मी पाळत आले आहे. कैसराचे कैसराला द्या असे म्हणताना येशूने जे नाणे मागितले, त्यालाही हीच अट लागू पडते. आसनस्थ स्त्रीची आकृती असलेला तिबिर्याचा देनारियस हा चांदीचा रोमन शिक्का ते नाणे म्हणून सर्वत्र विकला जातो, पण काही अभ्यासकांना ते मान्य नाही. तेच देनारियस व्यापारातून दक्षिण भारतात मोठ्या संख्येने आले आणि आजही तिथल्या नाणेनिधींत सापडतात, हे मात्र निश्चित आहे.

एका पत्रात मी आपल्याकडे बार कोखबाच्या, म्हणजे रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या यहुदी नेत्याच्या, नाण्यांची छायाचित्रे मागितली. आपण ती पाठवलीत, पण सोबत लिहिलेत की आधी आपल्या जिल्ह्यातले जोगळटेंबी पाहून या. मी नाशिकची असून मला ते ठाऊक नव्हते. सिन्नर तालुक्यातल्या त्या गावी 1906 साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे आणि त्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन मी या नाण्यांविषयी शिकले, आणि मग आपण पाठवलेली छायाचित्रे पुन्हा समोर ठेवली. इसवी सन 132 ते 135 च्या त्या उठावात यहुद्यांनी रोमन नाणी गोळा करून त्यांवर द्राक्षांचा घड, वीणा आणि प्राचीन हिब्रू अक्षरांत यरुशलेमच्या स्वातंत्र्याचा मजकूर ठोकला होता. चांदीच्या काही नाण्यांवर द्राक्षांखालून कैसराच्या कपाळाची रेघ अजून दिसते. हरलेल्या राजाचा चेहरा नाण्यावरून पुरता पुसला जात नाही, हे गोदावरीकाठी आणि यरुशलेमात सारखेच दिसावे, याचे मला अपार आश्चर्य वाटते. आपण सांगितले नसते तर मी दूरचे पाहत राहिले असते आणि घराजवळचे राहून गेले असते.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. नाणी विकत घेतल्याचा उल्लेख असलेले, आजोबांनी आजीला लिहिलेले पत्र मी जुन्या कागदांबरोबर रद्दीत देणार होते. नाणे कुठून, कधी आणि कसे आले हे सांगणारा कागद नसेल तर नाण्याचा निम्मा इतिहास जातो आणि जमिनीतून चोरून उकरलेल्या मालाला वाट मिळते, असे आपण कळकळीने लिहिलेत. इस्राएलात 1978 च्या कायद्यानुसार नव्याने सापडलेली पुरावस्तू राज्याची असते आणि आपल्याकडेही 1878 पासून निखात निधीची, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाची, खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, हेही मला आपल्याकडूनच कळले. ते पत्र आता नाण्यांच्या शेजारी, आम्लविरहित कागदात ठेवले आहे.

या पत्रासोबत माझ्या नोंदवहीची पूर्ण प्रत वेगळ्या टपालाने पाठवत आहे. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे वर्णन लिहिले आहे. चिंचेने घासलेल्या नाण्यापुढे ते मी घासले असे स्पष्ट नमूद केले आहे, आणि जे सातवे नाणे आपल्यालाही वाचता आले नाही, त्यापुढे आपण सांगितल्याप्रमाणे ‘अनिश्चित’ एवढेच लिहिले आहे. नेहमीसारख्या चुका लाल शाईने दुरुस्त करून वही परत पाठवावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
नाशिकची आपली विद्यार्थिनी