सॅटिनला रफू नाही

पुणे, रविवार

प्रिय चष्म्या,

तुझा मेसेज मिळाला, पण हे सगळं अंगठ्याने टाइप करून सांगण्यातलं नाही, म्हणून कागद घेतला. जिप्सीला सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीचा, राखाडी रंग द्यायचा म्हणतोस. दे की. फक्त माझ्या फियाटवर मी दोनदा पैसे जाळलेत, ते ऐक आणि मग दे.

आधी बॉनेट. भोसरीकडच्या एका रंगाच्या बूथमध्ये क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, शेवटचा हात मारून झाला आणि ओल्या थरावर एक चिलट येऊन बसलं. चकचकीत रंग असता तर काही नव्हतं. वाळल्यावर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, मग पॉलिशचं कंपाउंड, मग बफ, विषय संपला. मी तेच केलं. चिलट गेलं, पण त्याच्या जागी रुपयाएवढा चकचकीत गोल उमटला. उन्हात गाडी उभी केली की टक्कल चमकावं तसा दिसायचा. धुतला, पुसला, काही होईना. अख्खं बॉनेट घासून पुन्हा मारावं लागलं.

असं का होतं? सॅटिन क्लिअरमध्ये सिलिकाची बारीक पूड असते. थर वाळताना आक्रसतो, पुडीचे कण वर उंचवटे करतात आणि त्यांच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. बफ मारला की ते उंचवटे सपाट होतात, म्हणजे तू पैसे मोजून घेतलेला सॅटिनच पुसला जातो. म्हणून ओघळ असो, कचरा असो, दारावरची ओरखड असो, त्याला रफू नाही. तो अख्खा भाग परत मारायचा.

दुसरी चूक डब्याची. ती पूड तळाशी बसते. आमच्या पेंटरकाकांनी डावीकडच्या दारांसाठी एकदा मिसळलं, जेवून आले आणि उजवीकडसाठी पुन्हा मिसळलं. दुसऱ्या वेळी डबा तळापासून ढवळला गेला नाही. गाडी बाहेर काढली तर डावी बाजू सॅटिन आणि उजवी जवळजवळ ग्लॉस. काका म्हणाले, ‘‘एका वेळी एकच बाजू दिसते ना साहेब.’’ यावर काय बोलणार? तू गाडीला लागेल तेवढं सगळं एकदाच काढ, सावकाश ढवळ, गाळून घे, आणि थर कडक करणारा हार्डनर मात्र फवाऱ्याच्या गनमध्ये भरण्यापुरताच, वजनाने मोजून घाल. अंदाजपंचे नाही. एका हातानंतर थर सगळीकडे सारखा मंद झाल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. घाई केली की ढगाळ डाग पडतात. गनचं अंतर, हवेचा दाब, हाताचा वेग, यातलं काहीही मध्येच बदललं तर तकाकी बदलते.

टिकायचं म्हणशील तर तो हिशेब खाली, पत्र्यापाशी असतो. गंज पूर्ण काढून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, शक्य तितकी पातळ, मग टू-के, म्हणजे हार्डनर घालून वापरायचा, सरफेसर. सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासायचं. उंच जागा साफ होतात आणि खड्ड्यात काळं राहतं. ते काळं दिसेनासं होईपर्यंत काकांना पैसे देऊ नकोस. ‘‘सॅटिनमध्ये लपतं हो’’ असं ते म्हणतीलच. पूर्ण मॅटमध्ये बऱ्यापैकी लपतं, हे खरं. सॅटिनमध्ये सकाळच्या तिरप्या उन्हात दाराची लाट लगेच दिसते. आणि स्प्रे कॅनचा वन-के, म्हणजे बिनहार्डनरचा, क्लिअर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस, टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. टू-केच घे. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गन धरणारा पेंटर असेल तर तिथून निघून ये. बाहेरून हवा देणारा मास्क लागतो.

आणि आत्ता नको, बाबा. या आषाढातल्या हवेत कॉम्प्रेसरच्या पाइपातून पाणी येतं आणि हार्डनरचं ओलाव्याशी जमत नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की मार.

नंतरचं दुखणं म्हणजे गाडी पुसणारा माणूस. आमच्या सोसायटीत तो रोज पहाटे कोरडं फडकं फिरवतो. वर्षभरात माझ्या दाराची कड आणि हँडलभोवतीचा भाग गुळगुळीत होऊन चमकायला लागला. आता त्याला पगार देतो तो गाडीला हात न लावण्याचा. धुवायला भरपूर पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा. वॅक्स नाही, ब्रशवालं वॉशिंग सेंटर तर नाहीच. कबुतराची घाण पडली तर ओलं फडकं थोडा वेळ ठेवायचं आणि उचलून घ्यायची, घासायची नाही.

तुझा पांढरा रंग जाणार, तेव्हा आरसी बुकावर रंग बदलून घे. संगम पुलाजवळच्या आरटीओत एक चक्कर मारावीच लागेल.

बाकी शनिवारी इकडे ये. येताना नाना पेठेतून एखादं भंगारातलं मडगार्ड उचल. त्याच्यावर तीन पट्ट्या मारू, एक हात, दोन हात आणि मुद्दाम घाई केलेला. ते बाहेर उन्हात धरून बघ, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. जेवायला इकडेच थांब. आई तुझी आठवण काढत होती, आणि तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला का, तेही विचारत होती.

तुझा,
लंबू