अण्णांच्या खुर्चीत बसून बघणाऱ्या दादांना

दादा, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आमचा आपोआप लागणारा दिवा नीट करून दिलात म्हणून फोनवर थँक्यू म्हणाले तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात, म्हणून आता लिहूनच टाकते, म्हणजे मध्येच तोडता येणार नाही.

गोष्ट तशी एवढीशी. काडेपेटीपेक्षा जरा मोठी पांढरी डबी, तिच्यावर काळपट सोलर पट्टी. ना वायर ना सेल, घरातल्या उजेडावरच चालते आणि खोलीत उजेड किती आहे ते बिनतारी कळवत राहते, त्यावरून दिवा आपोआप लागतो. अण्णांसाठी आणली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी संध्याकाळी उजेड उतरायला लागलेला त्यांना कळतच नाही, डोळे ताणताणून वाचत बसतात आणि मग रात्री डोकं धरून पडून राहतात.

तुमच्याआधी दोन जण येऊन गेले. पहिल्याने डबी स्टीलच्या कपाटावर चिकटवली, दहा मिनिटांत मोकळा. दिवा मनात आलं तर लागायचा, नाहीतर नाही. फोन केला तर म्हणे तुमचं वायफाय वीक आहे. (आमच्या डबीचा वायफायशी काडीचा संबंध नाही, आणि सिग्नलच्या वाटेत पत्रा आला की तो अडतो, हे तुमच्याकडून कळलं.) दुसऱ्याने ती छताला लावली, पण थेट दिव्याच्या शेजारी! मग काय, दिवा लागला की डबीला वाटायचं लख्ख उजेड आहे, की दिवा बंद, की अंधार, की परत चालू, अख्खी संध्याकाळ हाच खेळ. त्याला विचारलं तर पीस खराब आहे, नवीन घ्या. आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबांनी हात लावला असेल, त्यांना समजतं का काही?" अण्णा तिथेच बसले होते हो. त्यांनी पेपरची घडी घातली आणि आत निघून गेले. नंतर कितीतरी दिवस एकच, मला नको तो दिवा. ते आठवलं तरी अजून माझ्या पोटात कालवतं.

तुम्ही आलात तेव्हा डबी महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून होती. बटण दाबलं, काही नाही. मी म्हटलं मेलीये ती, टाकून देऊया. तुम्ही म्हणालात, "मेली नाही ताई, उपाशी आहे." ड्रॉवरच्या अंधारात आतली सगळी साठवण रिकामी झाली, हिला दिवसभर खिडकीत बसवा, मी उद्या संध्याकाळी येतो. खरं सांगू, मला वाटलं झालं, आता अजून एका फेरीचे पैसे लावणार. माफ करा. दोनदा पोळलं की माणूस असाच होतो.

दुसऱ्या दिवशी शिडी लावायच्या आधी तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र. तुम्ही अण्णांना विचारलंत, "काका, पाच मिनिटं तुमच्या खुर्चीत बसू का?" आणि बसलात. त्यांचा पेपर त्यांच्यासारखाच मांडीवर धरलात, जरा डावीकडे कलून, कारण ते तसेच बसतात हे तुम्ही येता येता बघून ठेवलं होतंत. डोक्याची सावली कागदावर कुठे पडते ते बघितलंत. "कोणत्या ओळीपासून त्रास व्हायला लागतो?" हे अण्णांना विचारलंत, मला नाही. आणि अण्णा, जे महिनाभर दिव्याचं नाव काढू देत नव्हते, ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहून तुम्हाला सांगत होते, शेअरबाजाराचं पान बारीक असतं, तिथे पहिलं अडखळायला होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला पुढे यावंसंच वाटेना.

मग तुम्ही उजेड मोजायचा मीटर काढून त्यांच्याच हातात दिलात. कपाटावर 40 लक्स (हे उजेडाचं माप), खुर्चीपाशी 600, आणि बाहेर भर उन्हात साधारण 1 लाख असतो म्हटल्यावर अण्णा बघतच राहिले. डोळा सगळ्याशी जुळवून घेतो म्हणून फरक कळत नाही, यात काका तुमची काही चूक नाही, असं तुम्ही सहज म्हणून गेलात. तुमच्यासाठी सहज असेल.

बाकी कुठे काय जोडलंत ते मला विचारू नका. एवढंच लक्षात आहे की डबी खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये छताला गेली, जिथे दिवसाचा उजेड मिळतो पण दिव्याचा थेट झोत पडत नाही. दिवा लागायचा आकडा आणि विझायचा आकडा यांत मुद्दाम अंतर ठेवलंत, नाहीतर एखादा ढग आला गेला तरी लपंडाव सुरू. आणि ड्रिल मारलं नाहीत! "आठवडाभर टेपवर राहू दे, काकांना पटलं तर भोक पाडू." छताला भोक पाडायच्या आधी घरच्या म्हाताऱ्या माणसाचं मत घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. हुशार लोक काय, भरपूर भेटतात, ते आधीचे दोघंही बोलायला फार हुशार होते, पण समोर बसलेल्याला माणूस समजून त्याच्याशीच बोलायचं, एवढं साधं कुणाला जमत नाही हल्ली, आणि ते शिकायला कुठला कोर्स पण लागत नाही.

काल चारलाच अंधारून आलं. दिवा लागला आणि अण्णांनी मान वर न करता पान उलटलं.

आठवडा होऊन गेलाय, डबी अजून टेपवरच आहे. अण्णा विचारत होते तो मुलगा परत कधी येणार. म्हटलं आता सगळं नीट चाललंय, कशाला येतील ते. तर म्हणाले, "भोक पाडायचं राहिलंय ना? मला अजून पटलेलं नाही म्हणून सांग, बोलव त्याला."