ब-विंगसमोरचा कोबा आणि पाणी मुरण्याच्या जागांचा नकाशा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

स. न. वि. वि.

तोंडी सांगून 'बघतो' यापलीकडे काही हाती न लागल्यामुळे हे लेखी देत आहे, तेही शांत डोक्याने.

माझी मागणी साधी होती. गच्चीचं पाणी कोणत्या पाइपातून उतरतं, कुठे मुरतं आणि कुठे पावसाळी गटारात जातं, याचा एक नकाशा सोसायटीकडे असावा. शोषखड्डे, जाळ्या, चेंबर आणि उताराचे बाण, एवढंच. उत्तर मिळालं की बिल्डरच्या नकाशात सगळं आहे. त्या नकाशात जिथे शोषखड्डा आहे, तिथे आज मीटरची खोली उभी आहे.

शेवटी नकाशा मीच काढला. फोनच्या जीपीएसवर भरवसा ठेवला नाही. त्यात चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो आणि आपला खड्डा शेजारच्या प्लॉटमध्ये जाऊन बसतो. इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने अंतरं घेतली, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळ्या काढल्या. (त्या वेळी खिडकीतून कोण हसत होतं, ते सांगत बसत नाही.)

त्यात दिसलं असं : ब-विंगसमोरचा शोषखड्डा कागदावर दाखवता येतो, जमिनीवर नाही. तळमजल्यावरच्या सभासदांनी दुसऱ्या गाडीसाठी त्यावर कोबा केला आहे. आधी कुंड्या, मग फरश्या, मग 'तात्पुरता' पत्रा, मग कोबा. प्रत्येक पायरीवर मी कळवलं होतं. त्यांच्या बुटांच्या रॅकविषयी इथे लिहीत नाही. सामाईक जागेत समितीच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, हा नियम समितीलाही माहीत असावा. (जिन्यातल्या माझ्या तुळशी हा वेगळा विषय आहे.)

१०० चौरस मीटर गच्चीवर १० मिमी पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं आणि ते जवळपास सगळं खाली येतं. ब-विंगची गच्ची याच्या चौपट आहे. खड्डा बुजल्यापासून ते पाणी उताराने आमच्या जिन्याशी येऊन थांबतं. त्यात पेव्हर ब्लॉक बसवताना गवत उगवू नये म्हणून समितीने फटी सिमेंटने भरून घेतल्या. पाणी मुरायचं होतं ते त्या फटींतूनच!

खड्ड्याने पायाला ओल येईल म्हणता, तर इमारतीपासून किमान ३ मीटर अंतर ठेवतात. इथे साडेचार भरलं. डासांचं म्हणाल, तर अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि नीट चालणारा शोषखड्डा दोन-तीन दिवसांत रिकामा होतो. आठवडाभर मुक्काम असतो तो आमच्या जिन्याजवळच्या डबक्याचा. क-विंगमधल्या बहुतेकांचं हेच मत आहे, फक्त सही करायला ते कचरतात.

तरी कोबा फोडून घ्यावा, खर्च संबंधितांकडून. बाकीच्या खड्ड्यांतला गाळ पावसाळ्याआधी काढावा आणि पाणी ओतून ते किती वेळात उतरतं हे घड्याळ लावून पाहावं. घड्याळ मी आणीन. सोबतचा नकाशा सूचना फलकावर लावावा. त्यात कोबा लाल रंगात दाखवला आहे. 'जरा सौम्य रंग घ्या' ही सूचना सचिवांनी पुन्हा करू नये.

आपला,
एक सभासद, अ-विंग, तळमजला

सोबत : नकाशा (मूळ प्रत माझ्याकडे आहे)