मेलेली पाकोळी तपासायला घेणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षपट्ट्यातील वटवाघळांविषयीची आपल्या कालच्या अंकातील बातमी मी दोनदा वाचली. कीटकनाशकांमुळे वटवाघळांना अपाय होतो याचा आपल्याकडे कोणताही पुरावा नाही, असे एका अधिकाऱ्यांचे म्हणणे तीत छापले आहे आणि बातमी तिथेच संपली आहे. हा पुरावा शोधला कोणी, कधी आणि कोठे, एवढे तरी आपल्या वार्ताहराने त्यांना विचारायला हवे होते. ते विचारले गेले नाही याचा मला मनापासून राग आला, कारण असा पुरावा डब्यात घालून मी स्वतः दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आहे.

मी निफाड तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. घरची अडीच एकर द्राक्षबाग आहे, म्हणजे फवारणी करणाऱ्यांपैकीच मी एक आहे. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, तुळई आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत, आजोबांच्या वेळेपासून पाकोळ्यांची, म्हणजे किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांची, वस्ती आहे. दिवेलागणीला त्या एकामागून एक बाहेर पडतात आणि बागेवर घिरट्या घालतात. सात वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघाली, उडद्या आणि फुलकिडे ही कीड आली आणि आमच्यासह आजूबाजूच्या सगळ्या बागांत आठवडाभर कीटकनाशक फवारणारे ब्लोअर चालू राहिले. त्या आठवड्याच्या अखेरीस सकाळी ओट्यावर अकरा पाकोळ्या पडलेल्या दिसल्या. दहा मेल्या होत्या. अकरावी जिवंत होती. तिचा एक पंख उघडा राहिला होता आणि तो मिटायचा प्रयत्न ती पुन्हा पुन्हा करत होती. कागदावर उचलून घेतली तेव्हा तिचे वजन जाणवलेही नाही, दहाच्या नाण्यापेक्षाही ती हलकी होती. अंगभर कापरे भरले होते, तोंड उघडत होते आणि मिटत होते. अर्ध्या तासात तीही गेली.

त्या औषधानेच मेल्या, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. तेच तर तपासून हवे होते. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून त्यात मी त्या अकराही ठेवल्या आणि तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितले, की आमच्याकडे माती, पाणी आणि फळ यांचे नमुने घेतात, प्राण्यांचे नाही. तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर त्यांना आणखी तिसऱ्याच खात्याचे पत्र हवे होते. दुपारचे चार वाजले, बर्फाचे पाणी झाले, डब्याला वास येऊ लागला. संध्याकाळी बांधावरच्या लिंबाखाली खड्डा खणून मी त्या पुरल्या. कोणीही उद्धटपणे वागले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण कोणत्याही वहीत त्या अकरा पाकोळ्यांची नोंद झाली नाही, आणि आज त्याच कोऱ्या वहीच्या आधारावर ‘पुरावा नाही’ असे सांगितले जात आहे.

इतरत्र हा पुरावा शोधला गेला तेव्हा तो सापडला. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या गुहांमध्ये करडी वटवाघळे मरून पडू लागली, तेव्हा डोनाल्ड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या मेंदूतील डिल्ड्रिन या कीटकनाशकाचे प्रमाण मोजले आणि मृत्यूचे कारण तेच असल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. तैवानमध्ये २०१६ साली इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलेल्या वटवाघळांना नेहमीच्या उडण्याच्या मार्गाची आठवण राहत नाही, असे दिसून आले. हे औषध आपल्या द्राक्षावर आणि कापसावर वर्षानुवर्षे मारले गेले आहे. वाट चुकलेली पाकोळी ओट्यावर येऊन मरत नाही, त्यामुळे ती कोणाला दिसतही नाही. औषधाला परवानगी देण्यापूर्वी उंदरांवर आणि पक्ष्यांवर चाचण्या होतात, असा दिलासा आपल्या बातमीत आहे. परंतु पक्षी आणि इतर सस्तन प्राणी यांच्यासाठी केलेले धोक्याचे मूल्यमापन वटवाघळांना पुरेसे लागू पडत नाही, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्येच काढला आहे. वटवाघूळ रात्रभर किडे खाते, वर्षानुवर्षे जगते आणि बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. एकदा वस्ती विरळ झाली, की ती भरून यायला फार काळ लागतो.

आपल्याकडे तपासणीची साधने नाहीत, असेही म्हणता येणार नाही. २०१० मध्ये लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तो फटका या तालुक्यातला कोणताही बागायतदार विसरलेला नाही. आज निर्यातीच्या द्राक्षातील औषधाचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला जातो आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांतील काहींमध्ये निपाह विषाणूची प्रतिपिंडे आढळल्याचे पुढच्या वर्षी जाहीर झाले. वटवाघळांपासून आपल्याला काय होईल हे तपासायला माणसे गुहेत उतरतात. आपल्यापासून त्यांना काय होते हे तपासायला ओट्यापर्यंतही कोणी येत नाही, ही मला गंभीर गोष्ट वाटते. शेतकऱ्याचाही यात फायदाच आहे. अमेरिकेत ज्या भागांत बुरशीच्या रोगाने वटवाघळे मेली, तेथे शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. औषधाच्या दुकानात आधीच उधारी असलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक तक्रार. बातमी किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांची होती आणि सोबतचे छायाचित्र झाडाला लटकलेल्या, फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळांचे होते. आमच्या बागायतदारांचा राग मोठ्या वाघळांवर असतो. असे छायाचित्र छापले, की तो राग पाकोळ्यांवर निघतो आणि माळ्यावर धूर केला जातो. याच कारणाने आमच्या वस्तीवरच्या दोन घरांतून पाकोळ्या गेल्या आहेत. कृपया दुरुस्ती छापावी.

माझी मागणी लहान आहे. फवारणीच्या हंगामात मेलेले वटवाघूळ कोणी आणून दिले, तर ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची जबाबदारी प्रत्येक तालुक्यात एका कार्यालयावर सोपवावी आणि त्या कार्यालयाचे नाव आपण छापावे. जिवंत वटवाघळे पकडण्याचीही गरज नाही. त्यांच्या लेंड्यांतूनही बरेच कळू शकते. आमच्या माळ्यावर तुळईखाली लेंड्यांचा वीतभर थर आहे. तो मी झाडून काढलेला नाही. ज्यांना तपासायचा असेल त्यांनी घेऊन जावा, शिडी मी लावून देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक