मुलांचा क्षयरोग थुंकीच्या डबीत सापडत नाही

महोदय,

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप आणि न वाढणारे वजन अशा तक्रारी असलेल्या मुलाच्या पालकांच्या हाती थुंकीची डबी दिली जाते, तेव्हा लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळते, हे विसरले जाते. शिवाय मुलांच्या कफात जंतू मोजकेच असल्याने अहवाल निरंक आला म्हणून क्षयरोग नाही, असे ठरत नाही. पहाटे उपाशीपोटी नळीने जठरातील द्राव काढून त्याची सीबीनॅट (क्षयजंतूंचा जनुकीय अंश यंत्रावर शोधणारी) तपासणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तर शौचाचा नमुनाही यासाठी ग्राह्य धरला आहे, आणि नळीपेक्षा तो मुलाला (व आईलाही) कितीतरी सुसह्य आहे.

बीड, धाराशिवकडील ऊसतोड कुटुंबांतील मुले दिवाळीच्या सुमारास फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर त्यांचे वजन कोण नोंदवणार? घरातील मोठ्या माणसाला क्षयरोग निघाल्यास पाच वर्षांखालील मुलांना तपासून, रोग नसल्यास प्रतिबंधक औषध द्यायचे असते. ही तपासणी टोळी गाव सोडण्यापूर्वीच व्हावी आणि तिची नोंद कुटुंबासोबत कारखान्याच्या गावी जावी, अशी आरोग्य विभागास विनंती आहे.

– एक वाचक, अंबाजोगाई