उद्देशिका पाठ आहे, पण कलमे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संविधान दिनी उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, टाळ्या पडतात आणि कागद घडी होऊन खिशात जातो. तिचा वापर कसा करायचा, हे फारसे कुणी सांगत नाही. मग तक्रार अर्जात ‘उद्देशिकेतील समानतेचा भंग झाला’ एवढीच ओळ येते आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने उद्देशिका संविधानाचाच भाग मानली, हे खरे. पण निव्वळ तिच्या आधारावर दाद मागता येत नाही. त्यासाठी पुढची कलमे आणि कायदे धरावे लागतात.

‘बंधुता’ घ्या. भाषणाला गोड, व्यवहारात बिनकामाचा, अशी या शब्दाची ख्याती. नेहरूंनी डिसेंबर १९४६ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो घातला. ‘दर्जाची समानता’ आणि ‘बंधुता’ जोडून वाचा आणि कलम १५(२) उघडा. धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कुणालाही जिथे अडवता येत नाही अशा जागांची, म्हणजे दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची यादीच सापडेल. हे कलम आणि अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ फक्त सरकारला नाही, हॉटेलमालकाला आणि शेजाऱ्यालाही बांधतात.

महाराष्ट्रात याच्या जोडीला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यात देण्याच्या अर्जात या कायद्याचे नाव लिहावे. बहिष्कार कुणी, कधी आणि कोणत्या बैठकीत जाहीर केला तेही लिहावे. नुसते ‘गावाने त्रास दिला’ म्हटले, की किरकोळ भांडण समजून अदखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशी) नोंद करून बोळवण होण्याची भीती असते.

‘न्याय’ या शब्दाची वाट त्या मानाने सोपी. कलम ३९क आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ यांमुळे मोफत वकील मिळतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. तरीही उत्पन्नाचा दाखला मिळवायला अनेकजण उगाच खेटे घालतात. अर्ज न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.

१९७६ साली घातलेल्या ‘समाजवादी, धर्मनिरपेक्ष’ या दोन शब्दांवर आपण तावातावाने बोलतो. पण उद्देशिका ‘सर्व नागरिकांस’ म्हणत असली, तरी कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे मात्र ध्यानात येत नाही.

पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच उद्देशिका छापलेली असते. तिच्याखाली कलम १४, १५, १७, १९, २१ आणि दाद कुठे मागायची ते सांगणारी ३२ व २२६, एवढे आकडे छापावेत. दोन ओळींची जागा लागेल.

— एक वाचक