गोलाई काढायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी बॅग खांद्याला लावून निघालेल्या तुम्ही माझ्या स्क्रीनपाशी थांबलात. तेव्हा तोंडी थँक्यू म्हटलं होतं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

स्टेप फाइलमधून (कुठल्याही डिझाइन सॉफ्टवेअरला वाचता येणारी 3डी मॉडेलची फाइल) आलेलं ते हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच. फीचर ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेल कुठल्या पायऱ्यांनी बनलं त्या यादीत, 'इम्पोर्टेड' एवढी एकच ओळ. सप्रेस (तात्पुरतं बंद) करायला त्यात एकही फिलेट, म्हणजे कडेला दिलेली गोलाई, नाही. ताण मोजायला मॉडेलची मेश करण्याआधी, म्हणजे त्याचे छोटे छोटे तुकडे पाडण्याआधी, बाहेरच्या बारीक गोलाया काढायच्या होत्या. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मी एकेक फेस (पृष्ठभागाचा तुकडा) निवडून 'डिलीट अँड पॅच' (फेस काढून जागा बुजवण्याची आज्ञा) देत होते आणि दर वेळी एरर. शेवटी कडांवर ठोकळे जोडून पुन्हा कापायला घेतलं. दोन दिवस त्यातच गेले होते.

तुम्ही माउसला हातही लावला नाहीत. पेनाचं टोक स्क्रीनजवळ धरून विचारलंत, "यातली शेवटी मारलेली कुठली?" मी बघत राहिले. मग दिसलं: वरच्या कडेची 2 मिमीची गोलाई उभ्या कोपऱ्यांच्या 8 मिमीच्या गोलाईवरून कुठेही न तुटता वळत होती. म्हणजे ती नंतरची, आणि जायला हवी तीच आधी. तीही अख्खी: चार सरळ तुकडे, चार कोपऱ्यांवर वळलेले, आठ फेस एकदम. काढलेल्या फेसच्या शेजाऱ्यांना सॉफ्टवेअर पुढे वाढवतं आणि ते जिथे एकमेकांना छेदतील तिथे कड बनवतं. सपाट फेस हवा तेवढा वाढतो. गोलाईचाच उरलेला तुकडा वाढवायला गेलं तर तो वळत राहतो, कड काही मिळत नाही. माझ्या सगळ्या एररचं मूळ हे होतं! आठही निवडले, ओके दिलं, आणि वरची कड स्वच्छ धारदार झाली. मग उभे चार कोपरे एका दमात निघाले.

आतल्या कोपऱ्यातल्या गोलाईकडे मी कर्सर नेला तेव्हा मात्र तुम्ही थांबवलंत. "तिला राहू दे, ताण तिथेच येणार आहे." नंतर मी मुद्दाम एका प्रतीत ती काढून पाहिली. मेश बारीक करावी तसा त्या कोपऱ्यातला ताण चढतच गेला, कुठल्याच आकड्यावर स्थिरावेना. गोलाई ठेवलेल्या मॉडेलमध्ये तो दोन-तीन पायऱ्यांत स्थिर झाला. तुम्ही अडवलं नसतंत तर तो खोटा आकडा मी रिपोर्टमध्ये लिहिला असता.

जाता जाता तुम्ही घनफळ तपासायला सांगितलंत, ते मी आता कधीच चुकवत नाही. काटकोनी कडेवरची 2 मिमीची गोलाई काढली की दर 100 मिमी लांबीला सुमारे 86 घन मिमी भर पडायला हवी. आकडा फार वेगळा आला, तर कुठला तरी फेस भलतीकडे वाढलाय.

तुमची त्या दिवशीची बस चुकली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतंत. ताई, मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या टेबलावरची